टाकीतला गंज आणि नौतपाचं ऊन

जुन्या मोटरसायकलीची एक तक्रार रायपूरच्या गॅरेजांमध्ये वारंवार कानावर येते. गाडी एरवी नीट पळते, पण रिझर्व्हवर घेतली की दोन-चार किलोमीटरांत आचके देऊन बंद पडते. मालक कार्ब्युरेटर साफ करून घेतो, आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. बिचाऱ्या कार्ब्युरेटरचा यात काही दोष नसतो. दोष त्याच्या वर, टाकीत असतो.

बुलेट, राजदूत, येझदी या गाड्यांच्या पेट्रोल कॉकला टाकीच्या आत दोन वाटा असतात. एक वाट उभ्या नळीची. ती तळापासून थोडं वरचं पेट्रोल घेते. दुसरी रिझर्व्हची, ती जवळजवळ तळालाच लागलेली असते. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे ते पाण्याहून हलकं. टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब त्यामुळे पेट्रोलच्या खाली जाऊन बसतो, आणि गंजाची तपकिरी पूडही तिथेच साचते. कॉक रिझर्व्हवर फिरवला की हा गाळ खाली उतरतो, कॉकची जाळी तुंबवतो. जो बारीक भुगा जाळीतून निसटतो तो कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जातो, सुईला घट्ट बसू देत नाही, जेटचं भोक अडवतो. कार्ब्युरेटर कितीही वेळा धुतला तरी वरून नवा भुगा येतच राहणार.

टाकी रिकामी करून उघड्यावर न्यावी आणि झाकणातून एलईडी टॉर्चचा झोत आत टाकावा. बहुतेक जुन्या टाक्यांत गंज सगळीकडे सारखा दिसत नाही. फ्रेमच्या नळीसाठी टाकीच्या पोटात जी खोबण असते तिच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा लालभडक असतात. वरची छतासारखी बाजूही खडबडीत झालेली असते. मधला, पेट्रोलात बुडून राहणारा पट्टा मात्र पुष्कळदा बराच स्वच्छ असतो. गंजाचं सगळं कारण या नक्षीत वाचता येतं. पेट्रोल लोखंडाला गंजवत नाही. गंजायला लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी तिन्ही लागतात. तळाशी साचलेलं पाणी असतं, छताला दमट हवा असते. मध्ये पेट्रोल या दोघांना लोखंडापासून दूर ठेवतं.

हे पाणी येतं कुठून? काही वेळा धुलाई केंद्रातल्या जोरदार फवाऱ्यातून, झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर. काही वेळा थेट पावसातून. पण सगळ्यात चिवट वाट हवेची आहे. टाकीच्या झाकणाला श्वासासाठी बारीक भोक असतं. ते नसेल तर पेट्रोल खाली उतरणारच नाही. दिवसा टाकी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री ती थंड होते आणि बाहेरची हवा आत ओढते. रायपुरात वर्षाला सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात टाकी आत घेते ती ओथंबलेली हवा. पहाटे थंड पत्र्यावर तिचं दव धरतं, थेंब होऊन पेट्रोलखाली जातं. अर्धी रिकामी टाकी घेऊन अंगणात उभी राहिलेली गाडी एका पावसाळ्यात किती पाणी पिते, हे धावत्या गाडीच्या मालकाला कळायचं नाही.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ च्या जूनमध्ये गाठलं गेलं आणि वीस टक्क्यांचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवून घेतं आणि इंजिनावाटे वाफ होऊन ते बाहेरही जातं. नेहमी चालणाऱ्या गाडीला तेवढ्यापुरता त्याचा फायदाच होतो. पण दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंतच पाणी पेलतं. त्यापुढे इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं आणि तळाशी दोघांचा वेगळा थर होतो. लोखंडाला हा थर चांगलाच बाधतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची चिंता आता पूर्वीपेक्षा जास्त करावी लागते ती यामुळे.

गंज म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला रायपूरइतकी चांगली जागा थोडीच सापडेल. गंज हा लोखंडाचा पाणीधारी ऑक्साइड आहे. आणि दल्ली-राजहरा, बैलाडिला या डोंगरांतून जे खनिज खणून काढतात, ते हेमॅटाइट, तेही लोखंडाचं ऑक्साइडच. रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांत, शेजारच्या भिलाईच्या झोतभट्ट्यांत दिवसरात्र एकच काम चालतं: कोळशाच्या मदतीने त्या खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायचा. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातले अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्टीत, लाकडी कोळसा आणि पायभाता वापरून हेच करत होते. एवढी उष्णता खर्चून ऑक्सिजनपासून तोडलेलं लोखंड संधी मिळताच पुन्हा त्याच्याकडे जातं. टाकीतला गंज म्हणजे पत्र्याचं पुन्हा खनिज होणं आहे.

या खनिजाच्या कथेला नागपूरचा एक धागा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रायपूर मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. जमशेटजी टाटांचा पोलादाचा बेत चांदा जिल्ह्यातल्या खनिजाभोवती फिरत होता आणि तो जमत नाही असं दिसू लागलं होतं. ते सांगायला त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं ते अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे संग्रहालय. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यावर दुर्गच्या बाजूला लोखंडाच्या खुणा दाट रंगवलेल्या होत्या. हे सर्वेक्षण भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी केलेलं. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोहकामावरचं त्यांचं टिपण १८८७ सालचं. दुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९०६ मध्ये झाला. दल्ली-राजहराचं खनिज उत्तम निघालं, पण दगडी कोळसा आणि पाणी सोयीच्या अंतरावर नव्हतं. पुढे बोस यांनीच मयूरभंजच्या खनिजाकडे टाटांचं लक्ष वेधलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. राजहराचे डोंगर मग अर्धशतकाने भिलाईच्या वाट्याला आले.

टाकीकडे परत येऊ. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, पण ते घट्ट, सलग बसतं आणि खालचा धातू राखतं. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा तो घेतो, त्यामुळे फुगतो, सुटतो, पापुद्रे होऊन पडतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. शिवाय त्या छिद्रांत पाणी धरून ठेवतो. ‘असू दे थोडा गंज’ हे म्हणणं म्हणूनच चुकीचं. थोडा गंज थोडा राहत नाही. एक दिवस पत्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि रंगाखालून पेट्रोल पाझरू लागतं.

टाकी बदलून टाका, हा सल्ला दिला जातो. पण येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, यामाहा आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं, राजदूतही आता बनत नाही. बाजारात मिळणाऱ्या नकली टाक्यांचा पत्रा बहुधा पातळ असतो आणि खोबण फ्रेमवर नीट बसत नाही. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत वडिलांची, आजोबांची गाडी अजून जपलेली दिसते. मध्य प्रदेशाच्या काळातली नंबरप्लेट असलेली. अशा गाडीची मूळ टाकी वाचवण्याजोगीच असते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. पेट्रोलच्या वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ती ठिणगीने भडकते, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं असं मिश्रण तयार होतं. वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती आपण होऊन लवकर बाहेर पडत नाही. वेल्डिंगच्या दुकानांत टाकी फुटून माणसं जखमी होतात ती यामुळे. पेट्रोल काढल्यावर टाकी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावी, काठोकाठ पाणी भरून ओतावी, वास पूर्ण जाईपर्यंत. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेट आणि विजेच्या ठिणग्यांपासून दूर करायचं. कॉक, झाकण आणि रबर काढून बाजूला ठेवायचं. कॉक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा पितळेचा असतो. आम्ल त्याला खातं. भोकांत रबरी बूच घट्ट बसवायचं.

राजदूत आणि येझदीच्या मालकांसाठी इथे एक खास सूचना. या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकतात. गाडी चालती असते तेव्हा हे ऑइल आतल्या पत्र्यावर पातळ थर धरून त्याला राखतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइल घट्ट होऊन चिकट वार्निशसारखं बसतं. या थराखाली गंज असतोच, पण आम्ल तिथवर पोचत नाही. गंज काढायला लोक लिंबूसत्वाचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा, दोन-दोनदा मारा करतात आणि ते निरुपयोगी ठरवतात. आधी कपडे धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण गरम पाण्यात घालून टाकी खळखळून काढली पाहिजे. आत पाणी पत्र्यावर सलग पसरू लागलं, मण्यांसारखं गोळा होईनासं झालं, की तेल गेलं असं समजावं.

जाड पापुद्रे आधी ठोकून-घासून सुटे करतात. गॅरेजमध्ये यासाठी नट-बोल्ट नाहीतर बारीक गिट्टी टाकून टाकी हलवतात. त्यापेक्षा दीड-दोन मीटर बारीक लोखंडी साखळी बरी. ती कोपऱ्यात पोचते आणि एक टोक धरलं की सगळी बाहेर येते. मोकळा नट खोबणीमागे अडकला तर आयुष्यभर तिथेच खुळखुळतो.

मग रसायन. गॅरेजांचं आवडतं रसायन म्हणजे संडास धुवायचं ॲसिड, हायड्रोक्लोरिक. ते झपाट्याने काम करतं आणि मी ते कोणालाही सुचवणार नाही. गंज संपल्यावर ते लोखंड खायला लागतं, आधीच पातळ झालेल्या पत्र्याला भोकं पाडतं, त्याची वाफ फुप्फुसांना आणि शेजारच्या क्रोमला बाधते. जावा-येझदीच्या टाकीच्या क्रोमच्या बाजू त्याने कायमच्या जातात. आणि क्लोराइडचा अंश आत राहिला तर नवा गंज आणखी वेगाने येतो.

विजेची पद्धत हुशारीची आहे. टाकीत पाणी आणि कपडे धुण्याचा सोडा, लिटरला चमचाभर. झाकणातून लोखंडी सळई अशी टांगायची की ती टाकीला कुठेही टेकणार नाही. बॅटरी चार्जरचं ऋण टोक टाकीला, धन टोक सळईला. उरल्याच्या रोलिंग मिलांमुळे रायपुरात सळईच्या तुकड्यांना तोटा नाही. वीज टाकीच्या पत्र्याकडे इलेक्ट्रॉन लोटते, तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलून सैल होतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे त्याला सुटा करतात. भिलाईत कोळसा जे उष्णतेने करतो, त्याच जातीचं काम इथे बारा व्होल्ट करतात. चांगलं लोखंड यात झिजत नाही, हा मोठा गुण. उणीव अशी की सळईच्या समोर येणाऱ्या भागावरच जोर राहतो. खोबणीआडचे कोपरे मागे राहतात. स्टेनलेस स्टीलची सळई कधी वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही टाकू नये, क्लोरीन निघतो. आणि हायड्रोजन जळणारा वायू आहे, म्हणून बंद खोलीत हे काम नाही.

घरी करायचं तर माझी पसंती सायट्रिक ॲसिडला. मराठी घरांत लिंबूसत्व, रायपूरच्या किराणा दुकानात नींबू सत म्हणून मागावं. कार्ल विल्हेल्म शील याने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. १९१७ मध्ये जेम्स करी याने एका काळ्या बुरशीकडून साखरेपासून ते करवून घेण्याची रीत शोधली, आणि म्हणून आज ते स्वस्त आहे. हे आम्ल सौम्य असतं आणि त्यात आणखी एक गुण असतो. त्याचे रेणू विरघळलेल्या लोखंडाला धरून ठेवतात, ते पुन्हा पत्र्यावर बसू देत नाहीत. लिटर पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम पुरे, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा ते एक किलो. टाकी काठोकाठ भरायची, कारण छतावरही गंज आहे. रायपूरच्या भोवतालची जमीन चुनखडीची, त्यामुळे बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना थोडं आम्ल फुकट खातो आणि पांढरा गाळ सोडतो. खारून नदीचं नळाचं पाणी चांगलं. झाकणाभोवतीच्या रंगाला व्हॅसलीन फासून ठेवावं, ओघळ रंगावर डाग पाडतात.

गरम द्रावण लवकर काम करतं. थंडीत जे रात्रभरात होत नाही ते मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या टाकीत दुपारपर्यंत होतं. दर दोन-तीन तासांनी आत पाहावं. पाणी पिवळट-हिरवं होत जाईल. पत्रा राखाडी दिसू लागला आणि बारीक बुडबुडे सतत येऊ लागले की थांबावं. आता आम्लाने गंज सोडून लोखंडाला हात घातला आहे. दोन दिवस तसंच विसरून जायचं नाही.

इथपर्यंतचं काम सोपं आहे. खरी परीक्षा पुढच्या तासाभरात असते. आम्ल ओतून दिल्यावर आतलं लोखंड कारखान्यातून निघाल्यानंतर पहिल्यांदाच पूर्ण उघडं असतं. ओलं आणि उघडं. काही मिनिटांत त्यावर नारिंगी झाक चढू लागते. आम्ल ओतताच साध्या पाण्याने धुवावं, लगेच सोड्याच्या पाण्याने. उरलेलं आम्ल त्याने मरतं. सोडा टाकल्यावर वायू निघतो, म्हणून भोकं बंद करून टाकी हलवू नये. मग ताबडतोब वाळवायला घ्यावी.

आणि इथे रायपूरचं हवामान मदतीला येतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांत दिसलं की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. त्याखाली तो वेग खूपच कमी राहतो. रायपुरात मेच्या दुपारी आर्द्रता तिसाच्या आसपास किंवा खाली असते, तापमान चाळिशीच्या वर. ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या घरात. मेच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस इथे नौतपा म्हणून ओळखले जातात. २५ मेच्या सुमारास ते सुरू होतात. माणसाला नकोसं होणारं हे ऊन टाकीला मात्र सगळ्यात मानवतं. टाकी उलटी-सुलटी ठेवली, मधून मधून ब्लोअरची गरम हवा सोडली, तर दोन तासांत खोबणीतलं पाणीही उडतं. श्रावणात हेच काम करणारा माणूस एका हाताने गंज काढतो आणि दुसऱ्या हाताने घालतो. घाई नसेल तर टाकी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवावी, असंच मी सांगेन.

वाळवण्याआधी फॉस्फोरिक आम्लाच्या पातळ द्रावणाने एकदा विसळून घेतलं तर पत्र्यावर राखाडी फॉस्फेटचा थर बसतो. ही रीत इंग्लंडात थॉमस वॉट्स कॉस्लेट याने १९०६ मध्ये पेटंट केली. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला त्याचं श्रेय कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या लोखंडातल्या भरपूर फॉस्फरसला आणि त्यामुळे बनलेल्या पापुद्र्याला दिलं आहे. टाकीतला थर तेवढा मुरलेला नसतो, पण नारिंगी झाक तो रोखतो. टाकी पूर्ण वाळली की अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून सगळीकडे फिरवावं, ओतून द्यावं आणि मग लगेच टाकी भरावी.

आतून अस्तर लावण्याची रसायनंही मिळतात. टाकीला भोकं नसतील तर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. अस्तर अर्धवट ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर बसलं की वर्ष-दोन वर्षांत फुगतं, त्याचे तुकडे गंजाच्या पुडीपेक्षा जास्त हट्टाने कॉक अडवतात, आणि जुन्या पद्धतीची काही अस्तरं इथेनॉलने मऊ होतात. बारीक भोक असेल तर टाकी पूर्ण धुऊन, वाफमुक्त करून, अनुभवी कारागिराकडून पितळी झाळ मारून घेणं जास्त भरवशाचं.

वापरलेलं पाणीही नीट मार्गी लावावं. पहिल्या धुण्यात पेट्रोल आणि ऑइल असतं. ते गटारात ओतलं तर रायपूरच्या तलावांपैकी एखाद्यात जाऊन पोचायचं. तेलकट भाग वेगळा काढून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्यावा. सायट्रिकचं द्रावण सोड्याने मारून, गाळ बसू देऊन मग भरपूर पाण्याबरोबर सोडावं.

यानंतर कॉकखाली पारदर्शक फिल्टर लावावा, झाकणाचं रबर नवं घालावं आणि श्वासाचं भोक सुईने मोकळं करावं. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालली की फ्लोट चेंबर उघडून पाहावा. तळाशी तपकिरी पूड दिसली तर फिल्टर बदलून पुन्हा तेवढंच अंतर चालवावं. दुसऱ्या खेपेला चेंबर स्वच्छ निघाला तर काम झालं. मृगाचा पाऊस लागण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, आणि गाडी उभीच राहणार असेल तर दर महिन्याला पंधरा-वीस किलोमीटर फिरवून पुन्हा भरावी.